अंतरपाटाकडे पाठ करून

मंगलाष्टकं सुरू झाली की कार्यालयातला प्रत्येक मोबाइल अंतरपाटाकडे वळतो. मी त्याच वेळी अंतरपाटाकडे पाठ करतो. वधूवरांचे फोटो माझा जोडीदार काढतो. मला हवे असतात त्यांच्याकडे पाहणारे चेहरे. अक्षता मुठीतच धरून राहिलेली आत्या, ओठांतल्या ओठांत मंगलाष्टक म्हणणारे आजोबा, नवरीच्या पाठीशी उभा असलेला मामा. पुण्यातल्या बिबवेवाडीत मी लग्नाचे फोटो काढतो आणि माझं ठाम मत आहे : कँडिड फोटो चोरून मिळत नाही, माणसं ओळखली की मिळतो.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत एरिख सालोमन यांनी एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा घेऊन, फ्लॅशशिवाय, राजकीय परिषदांमधले पुढारी टिपले. ‘कँडिड कॅमेरा’ हे शब्द त्यांच्या कामामुळे रूढ झाले. सालोमन कायद्याचे डॉक्टर होते. मुत्सद्द्यांसारखाच पोशाख करून त्यांच्यात वावरत. मीसुद्धा झब्बा घालतो, आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला जातो, पंगतीला बसतो. मग दुसऱ्या दिवशी कॅमेरा पाहून कोणी पदर सावरत नाही.

विधींचा क्रम तर तोंडपाठच हवा. कानपिळीला नवरीचा भाऊ वराचा कान धरतो, तेव्हा खरी गंमत वराच्या बहिणींच्या चेहऱ्यावर असते. सूनमुखाच्या वेळी आरशात सासू आणि सून दोघी एकदम दिसतील अशी जागा आधीच धरावी लागते. तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. मार्केट यार्ड जवळ असल्याने बिबवेवाडीत व्यापारी मारवाडी आणि गुजराती घरंही पुष्कळ आहेत. त्यांच्या रीती वेगळ्या, म्हणून घरातल्या जाणत्या काकूंना मी आधी सगळं विचारून घेतो.

कार्यालयातला उजेड हा वेगळाच विषय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवलं तर फोटोत काळे पट्टे येतात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर पट्ट्यांचा धोका आणखी वाढतो, कारण बहुतेक सेन्सर एकेक ओळ वाचत जातात. म्हणून मी साधं शटर १/१०० सेकंदावर ठेवतो. उडणाऱ्या अक्षतांच्या त्यात बारीक रेघा उमटतात, आणि मला त्या गोठलेल्या दाण्यांपेक्षा आवडतात. खिडकीजवळ मात्र दिवसाचा उजेड भरपूर असतो. म्हातारी माणसं बहुधा तिथेच खुर्च्या मांडून बसतात, हे आमचं भाग्य.

पाठवणीला मी मागे सरकतो. ८५ मिलिमीटरची लेन्स लांबूनही पुरते. आई आणि मुलगी यांच्यामध्ये घुसण्याचा मला अधिकार नाही. रडतानाचे फोटो आधी त्या मुलीला दाखवतो. तिला नको असेल तो अल्बममध्ये जात नाही, कितीही चांगला आला असला तरी.

घरच्या लग्नात कॅमेरा हाती घेणाऱ्या भाच्या-पुतण्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, कोणाचा कोणावर जीव आहे, कोण किती वर्षांनी भेटणार आहे. ती नावं लिहून ठेवा आणि लग्नाच्या दिवशी त्या माणसांच्या आसपास राहा. ही माहिती फक्त घरच्यांकडेच असते, आणि म्हणून घरातलं पोर या कामात माझ्यापेक्षा सरस ठरू शकतं.