ओठ आणि पोट

'ओठांत एक, पोटात एक' असे ज्याच्याविषयी आपण म्हणतो, त्याचा भरवसा तेथेच संपला. जपानी भाषेत मात्र या दोहोंसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांपैकी एकही शिवी नाही, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस नवल वाटले. 'होन्ने' म्हणजे मूळचा स्वर, अंतरीची गोष्ट. 'ततेमाए' म्हणजे चारचौघांत धरावयाची भूमिका. हा दुसरा शब्द सुतारकामातही आहे. नव्या घराचे खांब उभारून आढे चढवितात त्या कामास ततेमाएच म्हणतात, आणि त्या दिवशी देवतांची पूजा करण्याची तिकडे चाल आहे. ज्याच्या आधारावर छप्पर राहावयाचे, त्याचेच नाव जनरीतीलाही असावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

क्योटो शहराविषयी एक गोष्ट सांगतात. पाहुणा बराच वेळ बसला की यजमान अगत्याने विचारतो, 'थोडा चहा घातलेला भात घेणार का?' शहाण्या पाहुण्याने यावर 'नको, निघतोच' म्हणून उठावयाचे. ही गोष्ट तिकडच्या 'राकुगो' नामक विनोदी कथाकथनात रंगवून सांगतात, तेव्हा तीत मीठमसाला असणारच. पण आपणांस हसण्याचा काय अधिकार? दरबारात विडा हाती आला की उठावे, हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागत नव्हते. आणि घरातून बाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारे आपणच.

या रीतीची किंमतही जबर आहे. २०११ साली फुकुशिमा येथे अणुभट्ट्यांची दुर्घटना झाली. तिच्या चौकशीसाठी जपानी संसदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कियोशी कुरोकावा यांनी २०१२ च्या इंग्रजी अहवालाच्या प्रास्ताविकात वरिष्ठांना प्रश्न न विचारण्याच्या वृत्तीला मूळ कारणांत गणले. जेथे जिवाशी गाठ आहे तेथे मनातले मनात ठेवणे हे सौजन्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ताकेओ दोई या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात या दोन बाजू एकमेकींवाचून उभ्या राहत नाहीत असे प्रतिपादिले. ते आम्हांस पटते, परंतु खांबच घर गिळू लागले तर काय, हा प्रश्न उरतोच.

आणि तरीही आकुतागावा र्‍यूनोसुके यांची १९१६ मधील 'हातरुमाल' ही कथा आठवली की आमचे मन डळमळते. एक स्त्री प्राध्यापकांच्या घरी येऊन, त्यांचा विद्यार्थी असलेला आपला मुलगा वारल्याचे सांगते. आदल्याच दिवशी त्याचा सातवा दिवस झालेला. स्वर शांत, ओठांवर स्मित. प्राध्यापकांच्या हातचा पंखा खाली पडतो. तो उचलावयास ते वाकतात, तेव्हा मेजाखाली तिचे थरथरणारे हात रुमाल जणू फाडून टाकीत असल्याचे त्यांना दिसते.

आमचे वडील गेले तेव्हा समाचारास येणाऱ्या प्रत्येकाला आमची आई मुलाबाळांची खुशाली विचारी. कोणाची मुलगी उजवली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, सारे तिच्या ध्यानात असे. रात्री निजानीज झाल्यावर ती परसदारी जाऊन बसे. त्या दिवसांत तिला कोणी ढोंगी म्हटले असते, तर आम्ही त्याचे तोंड पाहिले नसते.

आकुतागावा मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. त्या बाईच्या धैर्याने भारावलेले प्राध्यापक संध्याकाळी स्ट्रिंडबर्गचे नाट्यविषयक पुस्तक उघडतात; तर हसत हसत रुमाल फाडणाऱ्या एका नटीचा अभिनय त्यात निव्वळ लकब म्हणून मोडीत काढलेला! त्यांची प्रसन्नता मावळते. उत्तर लेखकाने दिलेले नाही. परसदारच्या त्या काळोखात काय होते, हे आमच्या आईनेही कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.