लंडनचा रंगीत पाळणा

जत्रेतल्या आकाशपाळण्यात तुम्ही नक्कीच बसला असाल. पाळणा वर गेला की पोटात गोळा येतो आणि खाली उभे असलेले आई-बाबा एवढेसे दिसू लागतात. तसाच एक पाळणा लंडनमध्ये आहे, पण चांगला १३५ मीटर उंच! त्याचं नाव 'लंडन आय', म्हणजे लंडनचा डोळा. आज मात्र आपल्याला त्यात बसायचं नाही. खाली उभं राहून त्याचे दिवे पाहायचे आहेत.

चला तर. वेस्टमिन्स्टरच्या भुयारी स्टेशनातून वर आलात की समोरच बिग बेनचा मनोरा आणि ब्रिटनची संसद. तिथून थेम्स नदीच्या पुलावर चालू लागा आणि डावीकडे पाहा. दिसला? त्याच्या कडेला काचेच्या ३२ खोल्या आहेत. एकेका खोलीत २५ माणसं मावतात. शेवटच्या खोलीवर मात्र ३३ आकडा आहे, कारण १३ अशुभ म्हणून गाळलाय! एवढं अवाढव्य यंत्र उभारलं, पण एका आकड्याची भीती काही गेली नाही. पाळणा इतका सावकाश फिरतो की तो चालू असतानाच माणसं चढतात आणि उतरतात. एका फेरीला अर्धा तास लागतो.

२०१२ साली लंडनला ऑलिम्पिक झालं. तेव्हा ट्विटरवर (आता त्याला एक्स म्हणतात) लोक खेळांविषयी काय लिहितात ते कॉम्प्युटर वाचायचा आणि त्याप्रमाणे रात्री ९ वाजता पाळण्याचे दिवे लागायचे. लोक खूश असले तर पिवळा रंग, नाराज असले तर जांभळा. तिकडच्या उन्हाळ्यात ९ वाजता जेमतेम दिवेलागणीची वेळ होते, बरं का!

पण खुशी आणि नाराजी कॉम्प्युटरला कळते कशी? वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठातले प्राध्यापक माइक थेलवॉल यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर त्यासाठी 'सेंटिस्ट्रेंग्थ' नावाची आज्ञावली तयार केली होती. तिच्यात शब्दांना परीक्षेसारखे गुण असतात. मराठीतलं उदाहरण घ्यायचं तर 'छान'ला अधिक गुण, 'भिकार'ला उणे. मागे 'खूप' लागलं की गुण वाढतात, 'नाही' आलं की अर्थ फिरतो. कुणी 'मस्त'ऐवजी 'मस्स्स्स्त' लिहिलं तर त्या जादा अक्षरांचाही हिशोब होतो.

आता एक गंमत. गणितात तुम्हाला १०० पैकी १२ गुण पडले आणि आई म्हणाली, "वा! काय दिवे लावलेत!" तुम्हाला त्याचा अर्थ लगेच कळतो. पण नुसते शब्द मोजणारा बिचारा कॉम्प्युटर? तो 'वा' पाहून आईला खूश समजेल आणि पाळण्यावर पिवळे दिवे लावील.

खेळापुरतं हे ठीक होतं. पण २०१५ साली ब्रिटनमध्ये संसदेची निवडणूक आली आणि तिच्या तोंडावर हाच पाळणा पक्षांच्या रंगांत उजळला. फेसबुकवर ज्या पक्षाची जितकी चर्चा, त्या मानाने त्याचा रंग. हुजूर पक्षाचा निळा, मजूर पक्षाचा लाल, युकिप या पक्षाचा जांभळा. दिसायला सुंदरच, तेही नदीपलीकडच्या संसदेच्या अगदी समोर.

पण चर्चा म्हणजे काय? वर्गात सगळ्यात जास्त नाव कुणाचं निघतं? कधी पहिल्या नंबरवाल्याचं, कधी काच फोडणाऱ्याचं! एखाद्या पक्षाला शिव्या घालणारेही त्याची चर्चाच वाढवतात. शिवाय फेसबुकवर १३ वर्षांच्या मुलालाही खातं उघडता येतं, आणि त्या निवडणुकीत मत द्यायला १८ वर्षं पूर्ण असावी लागत होती. म्हणजे ज्यांना मतच नाही त्यांचंही बोलणं दिव्यांत मिसळू शकतं. आणि जे आजोबा न चुकता मत देतात पण फेसबुकच्या वाटेलाही जात नाहीत, त्यांच्या नावाचा एकही दिवा नाही.

७ मे २०१५ ला मतदान झालं. दोन मोठ्या पक्षांत अटीतटीची लढत होणार, असं जनमत चाचण्या सांगत होत्या. हुजूर पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि त्या चाचण्या तोंडावर पडल्या. युकिपला सुमारे ३९ लाख मतं मिळाली, पण ६५० पैकी जागा फक्त १! स्कॉटलंडच्या एसएनपी पक्षाने साडेचौदा लाख मतांवर ५६ जागा जिंकल्या, कारण त्याची मतं एकाच भागात एकवटलेली होती. हे कसं, ते नागरिकशास्त्राच्या बाईंना जरूर विचारा.

आणि ब्रिटनमध्ये मत कसं देतात ठाऊक आहे? आपल्यासारखं यंत्राचं बटण दाबून नाही. आडोशाला एक कागद, एक साधी पेन्सिल. हव्या त्या नावापुढे फुली मारायची, कागदाची घडी करायची आणि पेटीत टाकायची.