आपल्या हाताने घ्यावे

दही गोठवून आईस्क्रीमसारखे विकतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेत त्याला 'फ्रोझन योगर्ट' म्हणतात. १९८१ साली अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक शहरात 'टीसीबीवाय' हे दुकान निघाले आणि पुढे त्याच्या शाखा देशभर झाल्या. नंतरच्या काळात आणखी एक प्रकार रूढ झाला. गिऱ्हाइकाने स्वतः मशीनची दांडी ओढून हवे तेवढे घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम शहरात पाच महिने राहिले. नर्सची नोकरी केलेली असल्याने कामापुरते इंग्रजी येते. संध्याकाळी बागेत बाळाला घेऊन बसायची. तिथे तीन मैत्रिणी मिळाल्या. एक पुण्याच्या काकू, एक तेलुगू अम्मा आणि तिसऱ्या तिथल्याच, काळ्या समाजातील, शाळेतून निवृत्त झालेल्या वयस्कर बाई. काकूंनी पहिल्याच दिवशी माझे आडनाव विचारले, मग गाव विचारले. "आम्ही बौद्ध," मी सांगितले. "अस्सं," म्हणाल्या आणि विषय बदलला.

एका शनिवारी बाई आम्हाला त्या दुकानात घेऊन गेल्या. भिंतीत ओळीने मशीन बसवलेली. प्रत्येकाला तीन दांड्या. दोन बाजूंना दोन चवी आणि मधली दांडी ओढली की दोन्हींचा मिळून पीळ पडतो. आत थंडगार नळकांड्यात दही-दुधाचे मिश्रण सतत घुसळले जाते, त्यात हवा मिसळते, म्हणून ते दगडासारखे न गोठता मऊ राहते. पुढे फळे, सुका मेवा, चॉकलेटचे तुकडे मांडलेले. शेवटी वजनकाटा.

अम्मा दांडीला हात लावायला कचरत होत्या. "कोणी वाढायला येत नाही का?" त्यांनी हळूच विचारले. बाई हसल्या, म्हणाल्या, "इथे वाढणारे आपणच."

मी दांडी ओढली. साध्या चवीचे घेतले. आपल्या श्रीखंडाची आठवण झाली, पण आंबटपणा जास्त. माझे ५ औंस भरले. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. औंसाला ६० सेंट, म्हणजे ३ डॉलर, वर कर वेगळा. अम्मांनी मोठा कप भरून फळे रचली, त्यांचे १४ औंस झाले. ८ डॉलर ४० सेंट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला!

टेबलाशी बसल्यावर बाई म्हणाल्या, एकमेकींचे चाखू या. कप फिरू लागले. काकूंनी अम्मांच्या कपातले घेतले, बाईंच्या कपातले घेतले. माझा कप पुढे आला तेव्हा म्हणाल्या, "नको, मला घशाचा त्रास आहे." घसा तोच, दही तेच. फक्त कप माझा होता.

मी काही बोलले नाही. पण बाईंनी ते टिपले. त्यांनी आपला चमचा माझ्या कपात घातला, सावकाश खाल्ले आणि त्यांच्या शहराची एक गोष्ट सांगितली.

याच डरहॅममध्ये 'रॉयल आईस्क्रीम पार्लर' नावाचे दुकान होते. गोऱ्यांची बसायची बाजू वेगळी, काळ्यांची वेगळी, मध्ये आडोसा. २३ जून १९५७ रोजी रेव्हरंड डग्लस मूर आणि त्यांच्याबरोबरची तरुण मंडळी, असे सात जण गोऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले. उठायला सांगितले, ते उठले नाहीत. पोलीस आले, खटला झाला, दंड झाला. वरच्या कोर्टातही न्याय मिळाला नाही. त्यानंतर १९६० साली जवळच्याच ग्रीन्सबरो शहरात चार विद्यार्थी गोऱ्यांच्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि ती चळवळ दक्षिणेत पसरली. १९६४ साली कायदा होऊन असा भेदभाव बेकायदा ठरला. "मी तेव्हा शाळकरी मुलगी होते," बाई म्हणाल्या. "आज जी दांडी मी सहज ओढते, तिची किंमत त्या सातांनी आधी भरलेली आहे."

मग मी आमची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहायचे. माझ्या इंग्रजीत अडखळत सांगितले, पण बाईंना एकेक शब्द कळला. त्यांनी माझा हात धरला. काकू खाली बघत होत्या.

उठताना मी मराठीत म्हटले, "काकू, घसा बरा झाला की सांगा. मी पुन्हा कप पुढे करीन." आवाज चढवला नाही. त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी बागेत नेहमीसारख्या आल्या, माझ्या शेजारी बसल्या, बाळाला मांडीवर घेतले. मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक.

भगिनींनो, कायद्याने दुकानाचे दार उघडते. माणसाच्या मनातला आडोसा मात्र साता समुद्रापलीकडेही बरोबर जातो. आपण तिथे मान खाली घालायची नाही आणि भांडणही उकरायचे नाही. जे आहे ते नावानिशी, शांतपणे बोलायचे.

आणि नर्स म्हणून एक सांगते. असे दही आईस्क्रीमपेक्षा बहुधा कमी चरबीचे असते, पण साखर कमी असेलच असे नाही. मधुमेह असलेल्यांनी जपून खावे. कप मोठा दिला म्हणून भरायचा नसतो. फळेही काट्यावर वजन वाढवतात.

मुलांना कधी अशा दुकानात किंवा साध्या आईस्क्रीमच्या गाडीवर न्याल, तेव्हा त्यांनाच पुढे करा. चव त्यांना विचारू द्या, भाव त्यांना विचारू द्या, पैसे त्यांच्या हाताने देऊ द्या. आणि घरी येताना वाटेत त्या सात जणांची आणि शाळेतल्या त्या तोटीची गोष्ट सांगा.