ऋषीच्या भाजीचं परडं

आपल्या बेळगावात घरामागच्या मोकळ्या जागेला परडं म्हणतात. पुण्याकडचे लोक परसबाग म्हणतात, कोकणातले परसू म्हणतात आणि आमच्या शेजारच्या अक्का हित्तल म्हणतात. शब्द वेगळे असले तरी हल्ली सगळ्यांच्या परड्याचं नशीब एकच दिसतं : आधी फरशी, मग गाडी, मग वर पत्रा.

आमच्या परड्यावरही ती वेळ आली होती. सासरे गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत पुण्याच्या भाऊजींनी विषय काढला. गाडी रस्त्यावर उभी करावी लागते, मागे गवत माजलंय, पावसात साप निघतात, आईला गुडघ्यांमुळे तिकडं जाववत नाही. मग माती ठेवून करायचं काय? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री स्वयंपाकघर आवरताना मला एवढंच म्हणाल्या, "मग ऋषीच्या भाजीला आपल्या घरचं काहीच राहायचं नाही."

ज्या मुलांनी ही भाजी फक्त खाल्ली आहे त्यांच्यासाठी सांगते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही अशी रीत आहे. नांगरलेल्या शेतातलं धान्य वर्ज्य. माणसाच्या हातानं खणून, पेरून आलेलं तेवढंच चालतं. म्हणून अळू, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, काकडी, माठ, सुरण, मक्याचं कणीस असं सगळं एकत्र शिजवतात. घरोघरी यादी थोडी बदलते. आज बाजारातून आणलेल्या भाजीमागे बैल होता की ट्रॅक्टर, कुणाला ठाऊक? पण मूळ नियम पाहिला तर ही भाजी परड्याचीच आहे.

शेवटी मधला मार्ग निघाला. रस्त्याकडचा भाग एका गाडीला द्यायचा, उरलेली साधारण सहाशे चौरस फूट जागा आमच्याकडे. दोन वर्षांत तिथं काही धड उभं राहिलं नाही, तर तीही फरशीखाली जाईल. गाडीच्या जागेत सासऱ्यांनी लावलेला पेरू होता, तो तोडावा लागला. त्या दिवशी आई देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

सहाशे चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. एवढ्यात काय होणार, असं वाटतं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं कसं भागेल याचा विचार मांडला. त्यांचा भर जमीन किती आहे यावर नव्हता, पानांवर पडणारं ऊन किती कामी येतं यावर होता. तो विचार आम्हाला फार उपयोगी पडला. बियाणं आणण्याआधी आम्ही आठवडाभर दर दोन तासांनी ऊन कुठं पडतं ते कागदावर मांडलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेला लांबतात. म्हणून शेवगा, पपई, केळ ही उंच मंडळी उत्तरेच्या भिंतीला गेली आणि पालेभाज्यांना दक्षिणेची मोकळी बाजू मिळाली. कढीपत्ता आणि लिंबू जुनेच होते, त्यांना हलवलं नाही.

मातीचं काम सगळ्यांत मोठं. आमची जमीन तांबडी, मुरमाड. पाणी घातलं की खाली निघून जातं आणि उन्हात वीट होते. अशा मातीला खतापेक्षा आधी पालापाचोळा लागतो. गावात झाडांना तोटा नाही; थंडी सरताना रस्त्याकडेला पानांचे ढीग जळत असतात. आम्ही ते पोत्यांत भरून आणू लागलो. स्वयंपाकघरातला ओला कचरा एक घमेलं, तर वाळका पाला दोन-तीन घमेली, असं थर देत गेलो. वास आला की ओलं जास्त झालंय असं समजायचं, आणखी पाला घालून ढीग वरखाली करायचा. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. शेण मात्र चांगलं कुजलेलंच घ्यायचं. ताज्या शेणाबरोबर हुमणी येते आणि मुळं खाते.

वाफे तीन फूट रुंद ठेवले. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीत पाय पडत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी साचून मुळं कुजतात म्हणून तेव्हा उंच गादीवाफे, उन्हाळ्यात ओल धरायला तेच सपाट. मधल्या वाफ्याच्या कडेला एक ओटा बांधला. त्यावर बसून आई खाली न वाकता खुरपं चालवतात.

पाणी आडाचं. पण एप्रिल-मे महिन्यांत आड तळाला जातो. तेव्हा कौलांच्या पन्हाळीचं पाणी गाळून आडात सोडलं. हिशोब सोपा आहे : हजार चौरस फूट छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ 900 लिटर पाणी मिळतं. बेळगावचा पाऊस पाहता हे वाहून जाऊ देणं जिवावर येतं. कपडे विसळलेलं पाणी केळीला आणि अळवाला जातं.

मग लागवड. इथं आईंच्या डोक्यातलं पंचांग कामी आलं. त्यांची सुरुवात अक्षय्य तृतीयेपासून. त्या दिवशी दीड-दोन फुटांची आळी करून खत-माती भरायची आणि पडवळ, दोडका, काकडी, लाल भोपळा यांच्या बिया टोचायच्या. वळवाचा पाऊस आणि आडाचं पाणी यांवर वेल वाढतो आणि मृगाला मांडवावर चढतो. भोपळा पिकायला साडेतीन महिने लागतात, म्हणजे तो बरोबर गणपतीत हाती येतो. मका जूनच्या मध्याला लावतो. मका एका ओळीत लावायचा नाही, चौकोनात लावायचा. त्याचे पराग वाऱ्याने पडतात, एकट्या ओळीत कणसं बोळकी राहतात. भेंडीला पंचेचाळीस-पन्नास दिवस लागतात, म्हणून ती जुलैत. माठ महिन्याभरात येतो, तो सर्वांत शेवटी. पंचमीपासून मागे मोजत यायचं, की पेरणीची तारीख मिळते.

श्रावणात झड लागली की मधमाश्या फिरत नाहीत. भोपळ्याला फुलं खूप आणि फळं गळतात. अशा वेळी सकाळी लवकर नर फुल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावायचे. फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असेल ती मादी. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे तिथं हे काम दिवेलागणीला. माझी सातवीतली मुलगी हे आता पुस्तकाशिवाय शिकली आहे.

किडीचं म्हणाल तर ती येतेच. चवळीवर मावा आला की एक लिटर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारते. फळमाशी लागलेली दोडकी वेलीखाली पडू द्यायची नाहीत, लगेच उचलून पिशवीत बांधून उन्हात टाकायची. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तिचं फुलपाखरू होतं. झाड मोठं असेल तर तिला तिचा वाटा द्यावा, असं आमच्या घरचं मत.

यातून पैसे किती वाचतात, हा भाऊजींचा नेहमीचा प्रश्न. खरं सांगायचं तर फार नाही. बेळगावच्या आसपासची भाजी रोज गोव्याला जाते, इतकी इथं पिकते. इथल्या बाजारात भाजी महाग नाही. कोबी, बटाटा, कांदा आम्ही विकतच आणतो. ज्या गोष्टी ताज्याच हव्यात, चिमूटभरच लागतात किंवा बाजारात मिळत नाहीत, त्या परड्यात : कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबू, मिरची, अळू, शेवग्याची पानं, कोवळा माठ. नर्सरीत काय छान दिसतं यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरात रोज काय लागतं ते बघून लावलं, तर छोटी जागाही पुरते.

आणि जो हिशोब वहीत बसत नाही, तो असा. सासरे गेल्यावर आई दिवसभर टीव्हीसमोर बसत. औषध घेतलं का, जेवलात का, एवढंच आमचं त्यांच्याशी बोलणं उरलं होतं. आता आम्ही त्यांना विचारतो : सुरणाचा डोळा वर ठेवायचा का, पडवळाला दगड कधी बांधायचा? अक्का कुंपणापलीकडून अंबाडीचं बी देतात, आई इकडून दोडक्याचं देतात; निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं. अक्कांच्या भाषेत एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल', परड्यातलं झाड औषध म्हणून कुणी मानत नाही. आपल्या 'पिकतं तिथं विकत नाही'चीच ती बहीण. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ज्ञानाचंही असंच होतं.

दुसऱ्या वर्षी पंचमीला भाजी झाली. नऊपैकी आठ जिन्नस परड्यातले होते. सुरण विकत आणला, कारण वैशाखात लावलेला सुरण तयार व्हायला मार्गशीर्ष उजाडतो. भाऊजी जेवले, मग मागे जाऊन सगळं पाहून आले. पुण्याला निघताना त्यांनी अळवाचे चार कंद मागून घेतले, गॅलरीतल्या कुंडीसाठी. फरशीचा विषय पुन्हा निघालेला नाही. पुढे निघणारच नाही, असं मी म्हणत नाही. जागेचे भाव वाढताहेत आणि घर एकट्या आमचं नाही.

पण यंदा बी राखताना आईंनी पहिल्यांदाच तीन पुड्या केल्या : एक आमची, एक अक्कांची आणि एक पुण्याची. राखेत घोळवून, कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून परडं आहे, त्यांनी अक्षय्य तृतीयेला एक तरी आळं करावं. कशाचं करायचं, ते घरातल्या आजीला विचारा.