याकूत, अकीक आणि पाण्यातलं वजन

यावलच्या आमच्या मोहल्ल्यात अंगठी न घालणारा माणूस विरळाच. पुरुषांना सोनं वर्ज्य, म्हणून अंगठी चांदीची. तिच्यात कुणाचा अकीक, कुणाचा फिरोजा. शेजारच्या खालांनी मुलाच्या आखातातल्या नोकरीसाठी ४५०० रुपयांचा ‘याकूत’ घेतला, म्हणजे माणिक. पैसे बचत गटाच्या कर्जातले. फिरत्या विक्रेत्याने खड्याने काच ओरखडून दाखवली आणि खालांचा विश्वास बसला.

आता काच ओरखडणं ही काही मोठी गोष्ट नाही. मोह्‌सच्या १ ते १० या मोजपट्टीवर काच ५.५च्या आसपास, अकीक ७च्या जवळ, पन्ना ७.५ ते ८, माणिक ९ आणि हिरा १०. म्हणजे रस्त्यावरची गारगोटीसुद्धा काचेवर ओरखडा पाडते. फिरोजा जेमतेम ५-६. धुळीत गारेचे बारीक कण असतात, त्यामुळे बोटातल्या फिरोज्याची चकाकी उतरते, अकीक तसाच राहतो. शिवाय फिरोजा सच्छिद्र. साबण आणि तेल पिऊन हिरवट पडतो. वुजू करणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

खरी ओळख घनतेत. जवळपास हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने खड्याने किती पाणी बाजूला सारलं हे मोजून रत्नांची तुलना केली, आणि त्यासाठी याकूतचं वजन १०० धरलं. पन्ना दाखवला की साप आंधळा होतो, ही समजूतही त्याने नऊ महिने सापावर तपासली. सापाला काही झालं नाही!

आम्ही ओळखीच्या सोनाराकडे खडा कोंदणातून काढला. हवेत २.१२ ग्रॅम, पाण्यात बुडवून १.३२. घट ०.८०. भागाकार २.६५. माणिकाचा ४ यायला हवा होता, २.६५ म्हणजे गार, लाल रंग चढवलेली. अर्थात ४ आला असता तरी तो खाणीतलाच असता असं नाही. १९०२ मध्ये व्हर्नुईने भट्टीत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, आणि त्या माणिकाची घनता, कठीणपणा अगदी तोच. तिथे भिंगाखाली आतल्या वक्र रेषाच बघाव्या लागतात.

विक्रेता म्हणाला, “खाला, बरकत दगडात नसते, यकीनमध्ये असते.” खालांनी विचारलं, “मग पैसे याकूतचे कशाला घेतलेस?” बरीच ओढाताण होऊन ३००० परत मिळाले. गटाचा हप्ता अजून चालू आहे.