जुनी फटफटी: मांडावी कशी, पळवावी कशी

जुन्या मोटारसायकलची हौस दोन ठिकाणी फिटते. एक प्रदर्शनाचा मांडव, दुसरा मातीचा ट्रॅक. मांडवात गाडी उभी असते आणि माणसे तिच्याभोवती फिरतात. ट्रॅकवर नेमके उलटे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला या दोहोंची सोय नाही. गावात माणसे येतात ती केशवसुतांचे स्मारक पाहायला, नाहीतर गणपतीपुळ्याचे दर्शन उरकून समुद्रावर. तरीही जुनी गाडी सांभाळणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला अशा गावाइतकी चांगली जागा नाही. वर्षातले चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा यांतून जी गाडी निभावते, ती कुठेही निभावते.

आपल्याकडे ‘जुनी गाडी’ म्हटले की तीन घराणी डोळ्यांपुढे येतात. पहिले बुलेटचे. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफील्डशी करार करून मद्रास मोटर्सने १९५५ मध्ये मद्रासला ती बनवायला घेतली आणि मूळ इंग्रजी कारखाना बंद पडला तरी इथली बुलेट थांबली नाही. दुसरे राजदूतचे. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली १७५ सीसीची ही गाडी खेडोपाडी दूधवाल्यांनी अक्षरशः झिजवली. तिच्याच धाकट्या रूपाला १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने असे काही प्रसिद्ध केले की तिचे नावच बॉबी पडले. तिसरे घराणे जावा-येझदीचे. हौशी माणसाचा जीव अडकतो तो बहुधा इथेच.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची, १९२९ पासूनची. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला तिचा कारखाना काढला. १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने येऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. इंजिन टू-स्ट्रोक, एकाच सिलिंडरचे, २४९ सीसीचे. सायलेन्सर मात्र दोन. नवखा माणूस हमखास फसतो तो डाव्या बाजूच्या लीव्हरशी. किक आणि गिअर यांना मिळून तो एकच. आत दाबून वर फिरवला की ती किक. गाडी सुरू झाल्यावर पुढे आणून बसवला की तोच गिअर. शिवाय गिअरचा लीव्हर दाबताना आतल्या आत क्लचही सुटतो, त्यामुळे सराव झालेला स्वार चालत्या गाडीत क्लचला हात न लावता गिअर टाकतो. दोन कामांना एक सुटा भाग पुरत असेल तर दुसरा कशाला, असा हा कोकणी माणसाला पटावा असा हिशेब.

खाऱ्या वाऱ्याचा पहिला घाव क्रोमवर पडतो. जावाच्या टाकीच्या बाजू, रिम, हँडल, सायलेन्सर यांवरची चकाकी म्हणजे निकेलवर चढवलेला क्रोमियमचा अगदी पातळ थर. त्याला नजरेला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. हवेतले मीठ ओल धरून त्यांत शिरते, खालच्या लोखंडापर्यंत पोहोचते आणि वरून चकचकीत दिसणारा थर आतून फुगू लागतो. टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसला की समजावे, खाली त्याहून मोठा गंज पसरला आहे. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा. किनाऱ्याच्या रस्त्यावरून फिरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने कोरडी करायची आणि उघड्या धातूवर तेलाचा हलका हात फिरवायचा. वर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक घालून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्याखाली ओल कोंडते. हवा खेळत्या पडवीत जुनी सुती चादर टाकलेली गाडी ताडपत्रीखालच्या गाडीपेक्षा जास्त टिकते.

टाकीचा आतला गंज बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त छळतो. त्याची भुकटी पेट्रोलबरोबर उतरून कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते आणि गाडी चढावर ऐन वेळी मान टाकते. टाकी उतरवायची, आत मूठभर नट-बोल्ट आणि रॉकेल घालून जोरात हलवत राहायचे, मग फॉस्फरिक आम्लाच्या पातळ द्रावाने गंज सोडवायचा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. वाळल्याबरोबर आतून तेल फिरवले नाही, तर किनाऱ्यावर लगेच नवा गंज धरतो. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे आले आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या, वॉशर फुगवते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामी करणे, ही आता हौस राहिलेली नसून गरज झाली आहे.

इंजिनाचे काम अनुभवी मिस्त्रीच्या कानापासून सुरू होते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या कप्प्यात येते, म्हणून तो कप्पा हवाबंद असणे हेच इंजिनाचे अर्धे आरोग्य. क्रँकचे ऑइल सील वाळले की एका बाजूने हवा शिरते आणि गाडी कारण नसताना तापते; दुसऱ्या बाजूने गिअरचे तेल ओढले जाते आणि सायलेन्सर पांढऱ्या धुराचे लोट सोडतो. हा धूर पाहून पिस्टन-रिंग बदलण्याची घाई पुष्कळजण करतात आणि पैसे घालवतात. आधी सील तपासावे. जावाच्या क्लच प्लेटला बुचासारखे कॉर्क लावलेले असते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते वाळून तुटते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरमागे ३० ते ४० मिलिलिटर घालायचे. कमी पडले तर पिस्टन चिकटतो, जास्त झाले तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बनने तुंबतो. सिलिंडर बोअर करायचा किंवा क्रँक बसवायचा असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरचे उद्यमनगर गाठायचे. तिथल्या लेथवर बसणाऱ्या कारागिराला जावा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

गाडी किती नवी करावी, हा या छंदातला खरा वाद आहे. सगळे सुटे करून, रंग खरवडून, नवे क्रोम चढवून गाडी कारखान्यातून आजच निघाल्यासारखी करता येते. पैसा असला की हे सोपे. कठीण आहे ते जुना रंग राखणे. टाकीवर गुडघ्यांनी घासून गेलेली जागा, मडगार्डवरचा हाताने मारलेला पट्टा, कारखान्याचा मूळ बिल्ला हे एकदा गेले की परत येत नाही. प्रदर्शनातले जाणते परीक्षक आधी चेसी आणि इंजिनाचा नंबर पाहतात. मग नट-बोल्ट, दिव्याची काच, हँडलच्या मुठी, डायनॅमो मूळचाच सहा व्होल्टचा आहे की आत नवा संच दडवला आहे, हे पाहतात. आरशासारख्या चकाकणाऱ्या पण भलत्याच वर्षाच्या टाकीपेक्षा जरा मळकी पण अस्सल टाकी त्यांना जास्त आवडते, आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर किक. जी गाडी टेम्पोतून येते, टेम्पोतूनच जाते आणि मध्ये एकदाही सुरू होत नाही, तिला बक्षीस देऊ नये.

कागदपत्रांचा भाग रटाळ असला तरी टाळता येत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज बाजारात नेता येत नाही. म्हणून पुष्कळ हौशी मंडळी साधी ‘एमएच-०८’ची नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवून घेतात, पर्यावरण कर भरतात आणि गाडी वापरात ठेवतात. १९७५ ची येझदी २०२५ मध्ये पन्नाशीला आली. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स-१०० ला अजून वाट पाहायची आहे, पण तिच्यावर जीव टाकणाऱ्यांना त्या सरकारी शिक्क्याची गरज वाटत नाही.

प्रदर्शने म्हणजे मुख्यतः मेळावे. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीत मोटारींच्या जोडीने दुचाक्याही असतात. जावा-येझदीवाल्यांचा दिवस जुलैतल्या दुसऱ्या रविवारी असतो. पुणे, मुंबई, बंगळूर, म्हैसूर अशा शहरांत त्या दिवशी गाड्यांच्या रांगा लागतात. हा मुहूर्त ज्याने धरला त्याने कोकणाचा पाऊस पाहिलेला नसावा. मालगुंडहून निघालेल्या गाडीला त्या दिवशी आंब्याच्या घाटात धुके, चिखल आणि डायनॅमोत शिरणारे पाणी यांच्याशी झुंजत वर जावे लागते. नोव्हेंबरातला मुहूर्त शहाणपणाचा. गोव्यात वागातोरला रॉयल एनफील्डचा ‘रायडर मेनिया’ भरत आला आहे. २०२३ पासून त्याचे नाव ‘मोटोव्हर्स’ झाले. पाऊस संपलेला, रस्ते कोरडे, मालगुंडपासून अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. जुन्या बुलेटी, नव्याने घडवलेल्या गाड्या आणि मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती हे तिन्ही तिथे एकाच आवारात पाहायला मिळते.

आपल्याकडे ‘डर्ट ट्रॅक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. खरा डर्ट ट्रॅक सपाट, लंबगोल, उड्या नसलेला. उंचसखल नैसर्गिक जमिनीवर आखलेला तो मोटोक्रॉस आणि मैदानात मातीचे ढीग रचून बनवलेला तो सुपरक्रॉस. महाराष्ट्रात रुजला तो सुपरक्रॉस. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरीही जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातच झाली. २०१५ मध्ये डाकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष आणि २०२४ मध्ये त्याच रॅलीत रॅली-२ गट जिंकणारा हरिथ नोआ, हे दोघेही अशाच मातीत तयार झाले.

सपाट ट्रॅकची शर्यत जन्मली परदेशात. ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात ती जत्रांच्या मैदानांवर लोकप्रिय झाली आणि १९२८ मध्ये लंडनजवळच्या हाय बीचला इंग्लंडमधल्या पहिल्या शर्यतींपैकी एक झाली. तिच्यातूनच स्पीडवे हा खेळ उभा राहिला: ५०० सीसीचे इंजिन, मिथेनॉलचे इंधन, एकच गिअर आणि ब्रेक मुळीच नाही. त्या गाड्या बनवणाऱ्यांत सर्वांत गाजलेले नाव जावाचे. मांडवात क्रोम पुसून उभी केलेली जावा आणि माती उडवत आडवी जाणारी जावा या एकाच घरच्या आहेत, हे आपल्याकडच्या बऱ्याच जावाप्रेमींच्या गावी नसते.

ट्रॅकवर फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेने असतात, म्हणजे सगळी वळणे डावीकडची. वळणाच्या तोंडाशी स्वार क्षणभर थ्रॉटल सोडतो, गाडी आपल्या अंगाखाली डावीकडे कलवतो, स्वतः सीटच्या उजव्या कडेवर सरकतो आणि डावा पाय पुढे काढून जमिनीवर टेकवतो. त्या बुटाच्या तळाला पोलादी पट्टी लावलेली असते, म्हणजे पाय मातीत रुतत नाही, घसरत जातो. मग थ्रॉटल परत उघडला की मागचे चाक सुटते आणि बाहेर झुकते. आता हँडल उजवीकडे वळवायचे, वळण मात्र डावीकडचे. इथून पुढे दिशा ठरवतो तो थ्रॉटल. नवख्याची चूक ठरलेली: मागचे चाक घसरले की घाबरून तो थ्रॉटल झटकन बंद करतो. चाकाला एकदम पकड मिळते, गाडी ताडकन उभी होते आणि स्वार बाहेरच्या अंगाला फेकला जातो. घसरताना थ्रॉटल स्थिर धरायला शिकणे, एवढ्यातच या खेळाचे पहिले वर्ष जाते.

जांभ्याची माती या खेळाला एकाच वेळी चांगली आणि वाईट. ओली असताना ती साबणासारखी निसरडी. उन्हात वाळली की कठीण पृष्ठावर बारीक लाल खडे सुटे होतात आणि त्यांवरून चाक पकड न घेता वाहत जाते. म्हणून हीट सुरू होण्याआधी टँकरने पाणी मारतात. पहिल्या हीटला आतली कड चांगली असते, दुपारपर्यंत तिथली माती उडून जाते आणि बाहेरची कड वेगवान होते. ट्रॅक पायी फिरून पाहणारा हौशी स्वार नवी गाडी घेऊन आलेल्याला याच बळावर मागे टाकतो.

गाडीची तयारी म्हणजे बहुतांशी काढाकाढी. दिवा, आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढायचे. मग बटण-दोरी बांधायची: स्वार पडला की मनगटाची दोरी ओढली जाऊन इंजिन बंद. मागचे ४२ दात्यांचे स्प्रॉकेट काढून ४५ चे टाकले की वरचा वेग काहीसा घटतो पण वळणातून निघताना गाडी उसळते, आणि छोट्या ट्रॅकवर तेच लागते. हौशी शर्यतीत आरएक्स-१०० अजून दिसते. ९८ सीसी आणि सुमारे ११ अश्वशक्ती एवढ्यावर ती पळते, कारण वजनाने हलकी आहे. हेल्मेट, छातीचे कवच, गुडघ्या-कोपरांचे पॅड आणि उंच बूट यांत काटकसर करू नये. अधिकृत शर्यतीला एफएमएससीआय या मोटारक्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो आणि मैदानात रुग्णवाहिका हजर असावी लागते. ती नसेल तर स्पर्धा किती का मोठी असेना, उतरू नये. पन्नाशी गाठलेली अस्सल जावा मात्र ट्रॅकवर घालू नये. त्यासाठी गावात पडलेली, कागद नसलेली चेसी आणि जुळवाजुळव केलेले इंजिन पुरते.

शर्यत संपल्यावरचे काम त्याच संध्याकाळी करावे लागते. आधी एअर फिल्टर. लाल धूळ त्यातून सुटली तर थेट सिलिंडरमध्ये जाते आणि टू-स्ट्रोकचा बोअर एका दिवसात ओरखडून ठेवते. फोमचा फिल्टर रॉकेलने धुवून, पिळून, वाळवून, तेल चोळून परत बसवायचा. मग चेन, स्पोकचे ताण, चेसीवरचे जोड आणि फूटरेस्टच्या वेल्डिंगला चीर पडली का, हे पाहायचे. गाडी धुताना पाण्याचा जोर बेअरिंग आणि पॉइंटच्या झाकणावर धरू नये. धुऊन झाल्यावर इंजिन थोडा वेळ चालवायचे, म्हणजे सायलेन्सरमध्ये शिरलेले पाणी वाफ होऊन निघून जाते.