गोठवलेला व्हॉल्व्ह गोड गातो का?

बालमित्रांनो, एखादी वस्तू कडाक्याच्या थंडीत ठेवली की ती सुधारते, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? कुल्फी सुधारते, हे मलाही मान्य आहे. पण अॅम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह? तोही म्हणे सुधारतो! परदेशातले काही विक्रेते व्हॉल्व्ह द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने थेट उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवतात, मग हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणतात आणि चढ्या भावाने विकतात. आवाज मोकळा होतो, बारकावे ऐकू येतात, असं घेणारेही सांगतात.

ही थंडी केवढी, याचा अंदाज घ्या. तुमच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा असतो उणे १८ अंशांच्या आसपास. द्रव नायट्रोजन पाहायचा असेल तर गावातल्या गुरांच्या दवाखान्यात जा. तिथे कळशीसारखी ॲल्युमिनियमची टाकी असते आणि झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर येते. लांबूनच बघा हं, तो अंगावर उडाला तर भाजल्यासारखी इजा होते.

आता व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते सांगतो. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला. त्याच्या आधीचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. आमच्या घरीही तसा एक होता. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आधी आतला काचेचा दिवा निखाऱ्यासारखा लाल होई आणि मग कुठे गाणं सुरू होई. ती वाट पाहण्यातली गोडी मला अजून आठवते. त्यामुळे व्हॉल्व्ह म्हटलं की मी थोडा हळवा होतो, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

या काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध कॅथोड नावाची नळी तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवतीची धातूची पत्री, म्हणजे अॅनोड, त्यांना ओढून घेते. जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ साली असा व्हॉल्व्ह बनवला. पुढे १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी या दोघांच्या मध्ये एक बारीक जाळी बसवली. जाळीवर किंचित विजेचा दाब दिला, की इलेक्ट्रॉनचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. नळाची तोटी जराशी फिरवून पाणी कमी-जास्त करावं, तसंच हे. व्हॉल्व्ह म्हणजे झडप! अशानेच बारीक आवाज मोठा होतो. गिटारच्या काही अॅम्प्लिफायरमध्ये आजही व्हॉल्व्ह वापरतात.

माझ्या भाच्याकडे असाच एक अॅम्प्लिफायर आहे. तो अकरावीत शिकतो. त्याचे व्हॉल्व्ह जुने झाले, आवाज बसका येऊ लागला. सुट्टीत सायकलच्या दुकानात काम करून त्याने पैसे साठवले होते. एके दिवशी त्याचा फोन आला, "मामा, मला गोठवलेले व्हॉल्व्ह मिळतायत. साध्यांच्या दुप्पट किंमत आहे. सगळे पैसे संपतील. पण तू सांग, घेऊ का?"

पैसे त्याच्या घामाचे होते. नुसतं "वेडेपणा आहे" म्हणून उडवून लावणं मला बरं वाटेना. म्हटलं, आधी दावा नीट तपासू.

पहिली गोष्ट, थंडीने धातू सुधारतो हे अगदीच थोतांड नाही. लोहार कोयत्याला पाणी कसं देतो, पाहिलंय ना? लालभडक पातं पाण्यात बुडवलं की ते कठीण होतं, कारण पोलादाच्या आतली रचना बदलते. काही जातींच्या पोलादात हा बदल अर्धवट राहतो, थोडा मऊ भाग उरतो. ते आणखी खूप थंड केलं, तर उरलासुरला भागही कठीण होतो. म्हणून कारखान्यातली काही हत्यारं खरोखरच अशी गोठवतात.

पण तेच पाणी दिलेलं पातं चुलीत पडून लाल झालं तर? पाणी उतरतं! पातं पुन्हा मऊ पडतं. आता व्हॉल्व्हकडे बघा. त्याचा कॅथोड चालू असताना साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे तुम्ही बटण दाबलं, की व्हॉल्व्हचं काळीज भट्टीतच जातं. तिथे गोठवण्याचा परिणाम टिकावा कसा? शिवाय कॅथोडची नळी असते निकेलची, तापणारी तार टंगस्टनची. कोयत्याच्या पोलादातला तो मऊ भाग त्यांच्यात नसतोच.

भाचा हुशार. म्हणाला, "पण मामा, बाकीचे भाग एवढे कुठे तापतात? आधाराच्या पट्ट्या, बाहेरच्या पिना?" बरोबर आहे. त्या भागांतला ताण थंडीने निघून जातो आणि ते कमी थरथरतात, असंही काहीजण सांगतात. तर मग तर्क पुरे, आता मोजायला हवं.

इथेच खरी गंमत आहे, दोस्तांनो. समजा, भाच्याने जुने व्हॉल्व्ह काढून नवे गोठवलेले बसवले आणि आवाज सुधारला. श्रेय कुणाला, थंडीला की नवेपणाला? दुसरं, महाग व्हॉल्व्ह विकणारा ते आधी तपासून, निवडून घेत असेल. मग चांगला आवाज निवडीचा की थंडीचा? तिसरं, एक व्हॉल्व्ह दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा वाजला, तर आपल्या कानाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो! आणि चौथं, दुप्पट पैसे मोजले की कानही दुप्पट प्रेमाने ऐकतात. यात कुणी लबाड असायला हवं असं नाही. विकणाऱ्यालाही मनापासून तसंच ऐकू येत असेल.

मग करायचं काय? एकाच खोक्यातले बारा नवे व्हॉल्व्ह घ्यायचे आणि सगळे यंत्रावर तपासायचे. चिठ्ठ्या टाकून सहा निवडायचे आणि तेवढेच गोठवायचे. पुन्हा बाराही मोजायचे. शेवटी आवाजाची पातळी सारखी ठेवून पडद्याआडून ऐकवायचे. कुठला कोणता, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

अशा परीक्षेची एक प्रसिद्ध गोष्ट रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ सालच्या पुस्तकात दिली आहे. एका बाई म्हणत, कपात आधी दूध ओतलं की चहा, हे मी चवीवरून ओळखते. फिशरची युक्ती अशी : आठ कप घ्यायचे, चार असे, चार तसे, आणि भेसळ क्रमाने द्यायचे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, त्यामुळे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक!

गोठवलेल्या वाद्यांची तपासणीही झाली आहे. २००३ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी गोठवलेले आणि साधे ट्रम्पेट वेगवेगळ्या वादकांकडून वाजवून घेतले. वादकावादकांतला आणि ट्रम्पेट-ट्रम्पेटमधला फरकच मोठा निघाला. त्यापुढे गोठवण्याचा म्हणावा असा फरक दिसला नाही. ट्रम्पेट म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, हे खरं. पण ट्रम्पेट तर वाजताना भट्टीत जातही नाही!

भाच्याने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला, "याच खोक्यातले न गोठवलेले व्हॉल्व्ह तुलनेसाठी मिळतील का?" उत्तर आलं, "नाही." त्याने साधे नवे व्हॉल्व्ह घेतले आणि उरलेल्या पैशांत एका जाणकाराकडून अॅम्प्लिफायर तपासून घेतला. तो स्वतः उघडायला मी सक्त मनाई केली होती. बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. तुम्हीही कधी उघडू नका.

माझं मत विचाराल, तर गोठवून व्हॉल्व्ह गोड गातो हे मला पटत नाही. पण उद्या कुणी चिठ्ठ्या टाकून, पडदा लावून ते दाखवलं, तर मी आनंदाने मत बदलेन. शेवटी व्हॉल्व्हवर माझं प्रेम आहेच की!

आता तुमच्यासाठी काम. आंब्याच्या दिवसांत घरात कुणी म्हणालं, "देवगडचा आणि रत्नागिरीचा हापूस मी डोळे मिटून ओळखतो," तर वाद घालू नका. सारखे पिकलेले आंबे घ्या, चार फोडी याच्या, चार त्याच्या, आणि बांधा डोळ्यांवर रुमाल! आठही बरोबर आल्या तर टाळ्या वाजवा. नाही आल्या, तरी फोडी तुमच्याच पोटात जाणार!